जखम, आवळा आणि डब्यातली पावडर

(सामुदायिक रेडिओवरील ‘आरोग्याच्या गप्पा’ या कार्यक्रमातलं भाषण)



गेल्या आठवड्यात कार्यक्रम संपल्यावर केंद्रावर एका मैत्रिणीचा फोन आला होता. तिच्या सासूबाईंना बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. चपलेचा पट्टा घासून पायाच्या अंगठ्याजवळ जखम झाली. महिना होत आला तरी ती भरत नाही. गावातल्याच ओळखीच्या बाईंनी एक पावडर आणून दिली आहे. डब्यावर आवळ्याचं आणि द्राक्षांचं चित्र आहे, ‘अँटिऑक्सिडंट’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे आणि खाली ‘पेशींची पुनर्निर्मिती’ असं आहे. महिन्याचा खर्च दोन हजारांच्या पुढे. ती मैत्रीण विचारत होती, “ताई, ही पावडर चालू केली तर गोळ्या थांबवल्या तर चालतील का? दोन्हींचा खर्च झेपत नाही.”

उत्तर मी तिला फोनवर लगेच दिलं. गोळ्या थांबवायच्या नाहीत आणि उद्याच्या उद्या पाय डॉक्टरांना दाखवायचा. पण तिने पुढे विचारलं, “मग डब्यावर लिहिलंय ते सगळं खोटंच असतं का?” याचं उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून आजचा कार्यक्रम त्यावर. मी डॉक्टर नाही हे आपल्याला माहीत आहे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. पण हा प्रश्न फिरून प्राणिशास्त्रातच येतो, आणि तोही अगदी बारक्या जिवांपाशी.

आधी अँटिऑक्सिडंट म्हणजे काय ते स्वयंपाकघरातच बघू. वांगं चिरून तसंच ठेवलं तर काळं पडतं, म्हणून आपण ते पाण्यात टाकतो. सफरचंदाच्या फोडीला लिंबू चोळलं तर ती लाल पडत नाही. दिवाळीच्या चकलीला महिन्याभराने खवट वास येतो. या सगळ्यांत हवेतला ऑक्सिजन काम करत असतो. तोच ऑक्सिजन आपण श्वासातून घेतो आणि त्यावर अन्न जाळून शक्ती मिळवतो. चुलीत लाकूड जळताना जशा ठिणग्या उडतात, तशी शरीरातही या कामात ऑक्सिजनची काही आक्रमक रूपं तयार होतात. त्यांना फ्री रॅडिकल्स वगैरे नावं आहेत. मी आज त्यांना ‘तापट ऑक्सिजन’ म्हणणार आहे. तो पेशीच्या आवरणाला, आतल्या प्रथिनांना, डीएनएला चटके देऊ शकतो. आणि त्याला शांत करणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, गाजरातलं बीटा कॅरोटीन, हळदीतला आणि जांभळातला रंग हे त्यातलेच.

१९५६ साली डेनहॅम हारमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडलं की म्हातारपण हे याच चटक्यांचं साठत गेलेलं नुकसान असावं. कल्पना सोपी होती, पटणारी होती. त्यातून पुढचं गणितही सोपं झालं: तापट ऑक्सिजन वाईट, त्याला मारणारं ते चांगलं, आणि जितकं जास्त तितकं जास्त चांगलं. डब्यावरची भाषा या गणितातून आली आहे. गंमत अशी की हे गणित तपासायला घेतलं तेव्हा त्याला धक्के देणाऱ्यांत किडा-माशीसारखे प्राणीही होते.

आता जरा तळ्याकाठी जाऊ. हायड्रा नावाचा एक प्राणी असतो. स्वच्छ गोड्या पाण्यात, पाणवनस्पतींना चिकटून राहतो. लांबी जेमतेम काही मिलिमीटर. दोऱ्याचा तुकडा आणि त्याच्या टोकाला उसवलेले चार-सहा धागे, असा दिसतो. अब्राहम ट्रेम्ब्ले नावाचा जिनिव्हाचा एक तरुण १७४० साली हॉलंडमध्ये एका सरदाराच्या घरी दोन मुलांना शिकवायला होता. त्याला हा जीव सापडला. वनस्पती की प्राणी, हे कळेना. म्हणून त्याने तो आडवा कापला. दोन्ही तुकड्यांतून अख्खे हायड्रे तयार झाले! १७४४ मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं आणि युरोपभर खळबळ उडाली. ग्रीक पुराणात एक डोकं तोडलं की नवी उगवणारी राक्षसी आहे, तिचं नाव हायड्रा. आपल्याला आपला रक्तबीज आठवेल. वर्गात मी रक्तबीजाचंच उदाहरण द्यायचे, मुलांना ते पटकन कळायचं.

हे काम केवळ परदेशात झालं असं समजू नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर वर्षानुवर्षं संशोधन झालं आहे आणि पुण्यात मिळालेल्या हायड्राचा एक प्रकार पुण्याच्याच नावाने ओळखला जातो.

हायड्रासारखाच दुसरा एक, प्लॅनेरिया नावाचा चपटा किडा. त्याचे बारीक बारीक तुकडे केले तरी प्रत्येक तुकडा पुन्हा डोकं, डोळे, शेपूट सगळं बनवतो. १८९८ मध्ये थॉमस हंट मॉर्गनने हिशेब मांडला, की किड्याच्या २७९ व्या भागाएवढा तुकडासुद्धा पुन्हा उभा राहू शकतो. तिसरा झेब्रा मासा. हा तर आपल्याच देशातला. गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांमधून त्याचं वर्णन १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने केलं होतं, आणि आज शहरात मत्स्यालयाच्या दुकानात निळ्या पट्ट्यांचा म्हणून मिळतो तोच हा. त्याचा शेपटीचा पर कापला तर साधारण दोन आठवड्यांत परत येतो. २००२ मध्ये अमेरिकेत दिसलं की त्याच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत तो भाग भरून येतो. आपलं हृदय असं करत नाही. आपल्याकडे तिथे वण राहतो.

अशा प्राण्यांवर काम का करतात, तर एक म्हणजे ते लवकर वाढतात, काचेच्या भांड्यात मावतात. दुसरं म्हणजे झेब्रा माशाची पिल्लं काचेसारखी पारदर्शक असतात. जखम झाल्यावर आत काय चाललंय ते मासा जिवंत असताना सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं.

आणि तसं बघितल्यावर काय दिसलं? २००९ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी माशाच्या पिल्लाच्या शेपटीचं टोक कापलं. काही मिनिटांतच जखमेच्या कडेला हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झालं. हो, जखमेवर टाकलं की फसफसतं तेच औषध. म्हणजे तापट ऑक्सिजनच. ते शरीरानेच मुद्दाम बनवलं होतं. त्याच्या मागोमाग पांढऱ्या पेशी जखमेकडे धावल्या. ते पेरॉक्साइड तयार होऊ दिलं नाही, तर पांढऱ्या पेशी नीट येईनात. गावात आग लागली की कुणीतरी आधी हाक घालतं, मग घराघरातून माणसं घागरी घेऊन निघतात. ही ती हाक होती.

(इथेच एक सांगून ठेवते. हे ऐकून घरी जखमेवर बाटलीतलं पेरॉक्साइड ओतू नका. शरीर जे बनवतं ते बाटलीतल्यापेक्षा हजारो पटींनी सौम्य असतं. बाटलीतलं रोज रोज टाकलं तर नव्याने येणारी कोवळी कातडीही भाजते.)

पुढे २०१३ मध्ये इंग्लंडमध्ये मँचेस्टरला बेडकाच्या पिल्लांवर प्रयोग झाला. पावसाळ्यात डबक्यात काळी शेपटीवाली पिल्लं दिसतात ना, तशीच, जात मात्र आफ्रिकेतली. या पिल्लांची शेपटी तोडली तर नवी येते. तिथे दिसलं की शेपटी वाढत असते ते सगळे दिवस तापट ऑक्सिजन वर चढलेलाच राहतो. आणि तो औषधाने खाली आणला, तर शेपटी नीट वाढत नाही. ज्याला आपण नुसतं नुकसान करणारा समजत होतो, तो नसेल तर दुरुस्तीच होईना.

आणि आता खाण्याची गोष्ट. बार्सिलोनाच्या प्रयोगशाळेने २०१५ मध्ये फळांवर घोंघावणाऱ्या माशीवर काम केलं. केळं पिकलं की जी बारीक माशी येते तिची ही बहीण. माशीच्या अळीत, पुढे ज्याचं पंख होणार असतं त्या भागातल्या काही पेशी त्यांनी मारल्या. एरवी अळी तेवढा भाग भरून काढते आणि माशीला चांगला पंख येतो. पण अळीच्या खाण्यात अँटिऑक्सिडंट मिसळले, तेव्हा ही भरपाई बिघडली आणि पंख अधू राहिले. म्हणजे ज्या पदार्थाच्या डब्यावर ‘पेशींची पुनर्निर्मिती’ छापलेलं असतं, त्याच जातीच्या पदार्थाने इथे पुनर्निर्मिती अडवली.

याचा अर्थ अँटिऑक्सिडंट विष आहे, असा मात्र लगेच काढू नका. वर्गातही हुशार मुलं लगेच दुसऱ्या टोकाला जायची. दुसऱ्या बाजूचेही प्रयोग आहेत. एखाद्या आजाराने किंवा विषाने तापट ऑक्सिजन हाताबाहेर वाढलेला असेल, अशा किड्यांना, माश्यांना अँटिऑक्सिडंट दिल्यावर फायदा झालेलाही दिसतो. कंपन्या नेमके तेवढेच प्रयोग दाखवतात. चूल धगधगली तर लाकूड मागे ओढावं लागतं आणि विझत आली तर फुंकर घालावी लागते. कधी, कुठे आणि किती, यावर सगळं असतं. डब्यातल्या चमच्याला हे काही कळत नाही.

माणसांवरही तपासणी झाली आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांवर पुरुषांना, सगळे सिगारेट ओढणारे, बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन पाहिल्या. आशा ही की फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत तशीच चाचणी चालू होती, ती मध्येच थांबवावी लागली. २००० साली हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजार माणसांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात साखरेचे रुग्णही पुष्कळ होते. साडेचार वर्षं ई जीवनसत्त्व घेऊन त्यांना काहीच फायदा झाला नाही. आणि २००९ मध्ये जर्मनीत तरुणांना महिनाभर व्यायाम करायला लावला. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारतो, साखरेच्या रुग्णाला चालायला सांगतात ते त्यासाठीच. ज्यांनी सोबत क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घेतल्या, त्यांच्यात ही सुधारणा झालीच नाही. व्यायामात निर्माण होणारा थोडासा तापट ऑक्सिजनच शरीराला निरोप देत होता आणि गोळीने तो निरोप पुसून टाकला.

गाजर खाऊन मात्र कुणाला असं काही झालेलं नाही. हे सगळे प्रकार मोठ्या मात्रेच्या गोळ्यांचे आहेत.

मग आवळा खायचा की नाही? खायचाच! क जीवनसत्त्व जखमेला लागतंच. कातडीला, हिरड्यांना, रक्तवाहिन्यांना धरून ठेवणारा कोलॅजेन नावाचा दोरा क जीवनसत्त्वाशिवाय पक्का विणला जात नाही. पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना ताजी भाजी-फळं मिळत नसत, तेव्हा त्यांच्या जुन्या भरलेल्या जखमासुद्धा पुन्हा उघडत. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने बारा आजारी खलाशी घेतले, दोघा-दोघांना वेगवेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेले दोघे सर्वांत लवकर उठले. मला त्याहून आवडते ती जॉन क्रँडन या अमेरिकन सर्जनची गोष्ट. १९३९ च्या सुमारास त्याने स्वतःच क जीवनसत्त्व नसलेला आहार घ्यायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी स्वतःच्या पाठीवर छेद घेतला, तो नीट भरला. सहा महिन्यांनी पुन्हा घेतला, तो आतून भरेना. मग क जीवनसत्त्व दिलं आणि जखम भरली.

या गोष्टीत दोन्ही बाजू आहेत. सगळं बंद केल्यावरही तीन महिने शरीराने जुन्या साठ्यावर भागवलं. अगदीच नसेल तर जखम भरत नाही. पण पुरेसं असताना आणखी ओतलं म्हणून दुप्पट वेगाने भरते, असंही नाही. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, जास्तीचं लघवीतून जातं आणि फार मोठ्या मात्रेत रोज घेतलं तर मुतखड्याचा धोका वाढतो. घरात रोज एक पेरू, आवळ्याची फोड, जेवताना ताटात पिळलेलं लिंबू, एवढ्यात काम होतं. लिंबाने पालेभाजीतलं लोहही अंगी लागतं. फक्त साखरेच्या रुग्णाला ‘आवळाच आहे’ म्हणून मोरावळा देऊ नका. तो साखरेच्या पाकात मुरलेला असतो.

आता पुन्हा त्या सासूबाईंच्या पायाकडे. साखरेच्या आजारात जखम का भरत नाही, हेसुद्धा झेब्रा माशात पाहिलं गेलं आहे. शिकागोजवळच्या शास्त्रज्ञांनी औषध देऊन माशातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. माशाला मधुमेह झाला. त्याचा पर कापला तर तो हळू आणि कमी वाढला. पुढची गोष्ट अशी, की मासा त्या पेशी पुन्हा तयार करतो. औषध थांबवल्यावर त्याची साखर आपोआप नेहमीसारखी झाली. तरी पर कापल्यावर तो हळूच वाढत राहिला! साखर चढलेल्या दिवसांची खूण पेशींच्या डीएनएवर राहिली होती आणि एका पेशीतून दुसऱ्या पेशीत जात होती. २०१० आणि २०१२ सालची ही कामं आहेत. मासा म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. पण ब्रिटनमध्ये हजारो रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २००८ मध्ये असंच दिसलं, की ज्यांची साखर आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत आटोक्यात ठेवली होती, त्यांना त्याचा फायदा पुढे दहा वर्षांनीही मिळत होता. म्हणून म्हणते, ‘दोन महिने पावडर घेऊन बघू, नाहीतर गोळ्या आहेतच’ असं करू नका. त्या दोन महिन्यांची चढलेली साखर पायात लिहिली जाते.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी असंच केलं. त्यांच्या डब्याचं नाव वेगळं होतं, चित्र आवळ्याचंच. तीन महिने पावडर नेमाने घेतली, गोळ्या अर्ध्या केल्या आणि कुणाला सांगितलं नाही. पायाला मुंग्या होत्या, नंतर बधिरपणा आला, म्हणून दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असं त्या समजल्या. वास यायला लागला तेव्हा मुलाने बघितलं. दोन बोटं काढावी लागली. मी घरात, प्राणिशास्त्राची बाई, आणि मी त्यांच्या पायाकडे कधी पाहिलं नाही. कडधान्य मोड आणून खा, एवढं सांगून मी मोकळी झाले होते.

तेव्हा घरात साखरेचा रुग्ण असेल तर रोज रात्री पाय बघा. तळवा त्यांना स्वतःला दिसत नसेल तर खाली आरसा धरा, किंवा तुम्ही बघा. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. अनवाणी फिरू देऊ नका, घरातसुद्धा. देवळात जायचं तर मोजे घालू द्या, देव रागावत नाही. कुरूप ब्लेडने कापायचं नाही. शेकायला गरम पाण्याची पिशवी पायाला लावायची नाही, कारण बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. जखम लाल झाली, सुजली, पाणी किंवा वास यायला लागला, काळी पडली, किंवा नुसती आठवडाभरात भरत नसेल, तर त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात साखरेच्या गोळ्या मिळतात, जखमेचं ड्रेसिंग होतं. पावडरीचे दोन हजार तिकडे जाण्यायेण्याच्या भाड्याला लावा.

आणि खाणं. जखम भरायला अँटिऑक्सिडंटच्या आधी प्रथिनं लागतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका चहा-चपातीवर दिवस काढतात. ‘मला काय करायचंय’ म्हणत अंडं नातवाच्या ताटात सरकवतात. त्यांना वाटीभर घट्ट वरण, मोडाची मटकी, दही, चालत असेल तर अंडं-मासा, हे त्यांच्या ताटात वाढून समोर बसा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र किती, ते डॉक्टरांना विचारूनच. भाजी शेवग्याची, लाल माठाची, भोपळ्याची, जी बाजारात स्वस्त असेल ती. रंगीत भाज्यांत अँटिऑक्सिडंट हवे तेवढे असतात, आणि ते बेताने असतात.

ज्या मैत्रिणीने फोन केला होता तिचा परवा पुन्हा फोन आला. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, जखम साफ करून एक दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे, हाडापर्यंत गेलेली नाही असं डॉक्टर म्हणाले. साखर तीनशेच्या वर निघाली, म्हणून इन्सुलिन सुरू केलं आहे. सासूबाई सुईला घाबरतात, तर सूनच टोचते. पावडरीचा डबा अर्धा उरला आहे, तो परत घेतात का विचारत होती. घेत नाहीत, मी चौकशी केली.

पुढच्या बुधवारी याच वेळी इन्सुलिनची बाटली फ्रीज नसलेल्या घरात कशी सांभाळायची ते बोलू. घरात माठ असेल तर त्याबद्दलचे प्रश्न आधी कळवून ठेवा. नमस्कार.